प्राणवायू कमी का भरतो? घरच्या हायड्रोजन सेलमधलं ग्रॅफाइट

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानात पहिल्याच धड्यात पाण्याच्या विघटनाचा प्रयोग आहे. प्लॅस्टिकचा मग, बुडाला दोन भोकं, त्यांत रबरी बुचं, बुचांतून वर आलेल्या कार्बनच्या दोन कांड्या, ६ व्होल्टची बॅटरी आणि कांड्यांवर उपड्या घातलेल्या दोन परीक्षानळ्या. हाच घरचा हायड्रोजन सेल. उत्तर सगळ्यांना पाठ असतं: हायड्रोजन दोन भाग, प्राणवायू एक भाग. प्रयोग खरोखर मांडून नळीवर खुणा करून मोजलं, की प्राणवायूची नळी मागे पडते. मग बूच गळतंय का, नळी तिरकी आहे का, अशी शोधाशोध सुरू होते. बहुतेक वेळा गळत काहीच नसतं. प्राणवायू प्लसच्या कांडीने खाल्लेला असतो.

पाण्यातून प्राणवायू सुटायला प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या (व्होल्ट मोजायला मानलेल्या शून्याच्या) तुलनेत १.२३ व्होल्ट लागतात. कार्बनचं पाण्याच्या मदतीने ऑक्सिडीकरण व्हायला फक्त ०.२१ व्होल्ट पुरतात. म्हणजे प्लसच्या कांडीवर प्राणवायूचा बुडबुडा यायच्या कितीतरी आधीपासून कार्बन जळायला मोकळा असतो. ही क्रिया फार मंद आहे, म्हणूनच ग्रॅफाइट वापरता तरी येतं. पण मंद म्हणजे थांबलेली नव्हे. करंटचा काही हिस्सा प्राणवायू सोडण्यात जातो, काही कांडी कुरतडण्यात. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड लगेच विरघळून कार्बोनेट होतो, बुडबुडा दिसतच नाही आणि नळीत तेवढी तूट येते. ५ मिली प्राणवायू कमी भरला, तर साधारण अडीच मिलिग्रॅम कार्बन द्रावणात गेला असा हिशेब आहे.

गंमत अशी की पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आम्लाचे थेंब टाकले, तर ही चोरी लपते. प्राणवायूच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन लागतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूलाही चारच. आम्लात कार्बन डायऑक्साइड शोषला जात नाही, थोडा विरघळतो इतकंच. त्यामुळे आकारमान बऱ्यापैकी दोनास एक दिसतं, पण नळीतला वायू भेसळीचा असतो. विझत आलेली उदबत्ती त्यात हवी तशी पेटत नाही. तो वायू चुन्याच्या निवळीतून सोडला की निवळी दुधाळ होते. पानाच्या चुन्याची निवळी या कामाला उत्तम.

कारखान्यांनी ग्रॅफाइट कित्येक दशकं भरपूर वापरलं, पण ते क्लोरीनसाठी. अमेरिकन संशोधक एडवर्ड अॅचेसनने विद्युतभट्टीत ग्रॅफाइट बनवण्याचं पेटंट १८९६ साली घेतलं आणि त्यानंतर मिठाच्या द्रावणातून क्लोरीन काढणाऱ्या सेलमध्ये प्लसला ग्रॅफाइटच असे. तिथेही ते झिजे, ठरावीक काळाने बदलावं लागे. १९६० च्या दशकात हेन्री बीअर या संशोधकाने रुथेनियम ऑक्साइडचा लेप दिलेला टायटॅनियमचा अॅनोड, म्हणजे प्लसचा इलेक्ट्रोड, आणला आणि ग्रॅफाइट मागे पडलं. पाण्यापासून हायड्रोजन काढणारे मोठे अल्कधर्मी सेल मात्र सुरुवातीपासून लोखंड आणि निकेलवर चालत आले. आजही हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये ग्रॅफाइटच्या प्लेट चालतात, पण तसाच पडदा असलेल्या, पाण्याचं विघटन करणाऱ्या इलेक्ट्रोलायझरमध्ये प्राणवायूच्या बाजूला टायटॅनियमच घालावं लागतं. घरच्या सेलला वेगळा नियम नाही. तिथे करंट कमी ठेवून झीज आवाक्यात ठेवायची, एवढंच हातात असतं.

कांडी कुठून आणायची

सगळ्यात सोपी म्हणजे संपलेल्या मोठ्या टॉर्चच्या सेलमधली. सेलवर आर २० लिहिलेलं हवं. एलआर २० असेल तर तो अल्कलाइन. त्यात कार्बनची कांडी नसतेच, मधोमध पितळी खिळा असतो आणि आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बोटांना चटका देतं. तो उघडू नये. लिथियमच्या सेलला तर हातही लावू नये. आर २० ची कांडी सुमारे ८ मिमी जाड आणि ५७ मिमी लांब असते. पेन्सिल सेलमधली, म्हणजे आर ६ ची, जेमतेम ४ मिमी. ती चटकन मोडते.

जुन्या वर्तमानपत्रावर, हातमोजे घालून, पक्कडीने बाहेरचा पत्रा सोलायचा. वरची प्लॅस्टिकची चकती काढली की कांडीचं पितळी टोपण दिसतं. पक्कडीत फडकं धरून कांडी हलक्या हाताने गोल फिरवत ओढली की अख्खी येते. सरळ उपटली तर मधून तुटते. भोवतीचा काळा लगदा मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनचा आणि ओल जस्ताच्या क्लोराइडची. ती क्लोराइड कांडीवर राहिली तर पुढे प्लसला क्लोरीनचा वास येईल, म्हणून कांडी साबणाने धुऊन, दोनदा पाणी बदलून धुवावी आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने एकदा फिरवून घ्यावी. पितळी टोपण काढू नका. वायरला डाग (सोल्डर) द्यायला यापेक्षा चांगली जागा दुसरी नाही.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. बरेच जण कांडी ‘शुद्ध’ करायला गॅसवर लालभडक तापवतात. या कांड्यांमध्ये कारखान्यातच मेण किंवा तेल मुरवलेलं असतं, सेलमधली ओल भोकाभोकांतून वर चढू नये म्हणून. तेच आपल्यालाही हवं असतं. मेण जाळून टाकलं की कांडी वातीसारखी वागते. द्रावण आतून चढत टोपणापर्यंत पोचतं आणि दोन दिवसांत पितळेवर हिरवं-निळं फूल धरतं. प्लसच्या बाजूला तर तांबं विरघळून द्रावणातच येतं.

लांब कांडी हवी असेल तर वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात गाउजिंग रॉड (धातूत खाच पाडायचा कार्बनचा रॉड) मागा. ८ किंवा १० मिमी जाड, ३०५ मिमी लांब, वरून तांब्याचा मुलामा. तांबं द्रावणाखाली जाता कामा नये. ज्या टोकाला वायर जोडायची तिथे ३० मिमी तांबं ठेवायचं, बाकीचं सर्किट बोर्ड कोरायच्या फेरिक क्लोराइडने काढायचं आणि रॉड दोनदा पाण्यात उकळायचा. ठेवलेल्या तांब्यावर डाग झकास बसतो. मात्र हे रॉड मुरवलेले नसतात, त्यांना मेण पाजावं लागतं. मेणबत्तीचं मेण डब्यात घालून तो डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा. थेट आचेवर मेण ठेवलं तर पेट घेतं. वाळवून गरम केलेला रॉड त्यात बुडवला की बारीक बुडबुड्यांची माळ निघते. ती थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास ठेवावा, बाहेर काढून गरम असतानाच फडक्याने पुसावा आणि गार झाल्यावर उघड्या भागावर पॉलिश पेपर फिरवावा. क्लोरीनवाले हेच काम जवसाच्या तेलाने करत.

पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. एचबीपेक्षा ६बी बरी, कारण माती कमी. पण २ मिमीच्या शिशाचं पृष्ठफळ इतकं थोडं, की दहा मिनिटांच्या खेळापलीकडे त्याचा उपयोग नाही. गॅस्केट-पॅकिंगच्या दुकानात मिळणारा ग्रॅफाइटचा लवचीक पत्रा दिसतो छान, पण प्लसला लावला की पापुद्रे सुटून फुगतो. साच्यांच्या टूलरूममध्ये ईडीएम (ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या) मशीनच्या ग्रॅफाइटचे तुकडे उरतात. ते बारीक कणांचं आणि घट्ट असतं. मिळालं तर तेच घ्या.

डबा, नळ्या आणि जोडणी

दीड लिटरचा, सपाट बुडाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्यावा. बुडाला त्रिकोणात ५ आकडा असतो. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, म्हणजे १ आकड्याचं, कॉस्टिकला टिकत नाही. बुडाला ४५ मिमी अंतरावर दोन भोकं पाडून त्यांत ८ मिमीचे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेत बसणाऱ्या रबरी कड्या) बसवावेत. गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात ते मिळतात. इथे चिकटवण्यावर भिस्त ठेवू नका, मेण मुरलेल्या कांडीला काहीच धड चिकटत नाही. कांडी ग्रोमेटमधून वर दाबायची, टोपण डब्याखाली १० मिमी बाहेर राहू द्यायचं. डबा लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवला की खालून वायर मोकळी जाते.

डब्याच्या आत बुडालगतच्या १२ मिमी कांडीवर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवा. हे लहानसं काम टाळलं तर मोजमाप सगळं फुकट. नळीच्या तोंडाखाली कांडी उघडी राहिली, की तिथले बुडबुडे बाहेर निसटतात. आता उघडी कांडी उरली सुमारे ३० मिमी, म्हणजे टोकासह ८ चौरस सेंमी पृष्ठफळ. हा आकडा लिहून ठेवा.

नळ्या म्हणून ५० मिलीच्या सिरिंजची नुसती नळकांडी वापरावीत, दट्ट्या काढून आणि खालची पाकळी कापून. खुणा छापलेल्याच असतात. टोक वर करून कांडीवर ठेवायची, तोंड बुडापासून ५-६ मिमी वर राहील असे प्लॅस्टिकचे तुकडे खाली द्यायचे. टोकाला औषधाच्या दुकानातला थ्री-वे (सलाइनच्या नळीला लावतात तो तीन तोंडांचा छोटा नळ) लावायचा. त्याला दुसरी २० मिलीची सिरिंज जोडून ओढलं की द्रावण वर चढतं. कॉस्टिकने भरलेली नळी बोटाने दाबून उपडी करायची सर्कस वाचते.

द्रावणासाठी पाणी डिस्टिल्ड घ्या, बॅटरीवाल्याकडे मिळतं. बोअरच्या आणि नळाच्या पाण्यात क्लोराइड असतात. मोजमाप नीट हवं असेल तर लिटरला ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा. चष्मा आणि हातमोजे घालून, सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. द्रावण तापतं, गार होऊ द्यायचं. अॅल्युमिनियमचं भांडं जवळही नको, कॉस्टिक त्याच्यातूनच हायड्रोजन काढतं आणि भांडं चाळण करतं. डोळ्यात उडालं तर वीस मिनिटं वाहतं पाणी आणि थेट डॉक्टर. मुलांसोबत करायचं असेल तर धुण्याचा सोडा, लिटरला १०० ग्रॅम. स्फटिकाच्या खड्यांमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ते खडे असतील तर २७० ग्रॅम घ्यावे लागतात.

मीठ टाकू नका. प्लसला क्लोरीन सुटतो आणि बंद खोलीत तो त्रास देतो. खायचा सोडा टाकला तर कार्बन डायऑक्साइड सोड्यातूनच निघतो, मग कांडीचा किती आणि सोड्याचा किती हे कळायला मार्ग नाही. बॅटरीचं आम्ल ग्रॅफाइटच्या प्लसला सगळ्यात वाईट. सल्फेट ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतं, थर फुगतात आणि कांडी पापुद्र्यांनी उलगडते.

करंट

ग्रॅफाइट प्लसला असताना चौरस सेंमीला १० ते २० मिलिअँपिअर, त्याच्यावर नाही. आपल्या ८ चौरस सेंमीला १५० मिलिअँपिअर झाले. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर आणि ओळीत १५ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर, एवढं पुरतं. कॉस्टिकमध्ये सेलवर ३ व्होल्टच्या आसपास दिसतात. धुण्याच्या सोड्यात जास्त, कारण द्रावणाचाच विरोध मोठा. तिथे रेझिस्टर लहान करावा लागेल. करंट ठरवून देता येणारं एक्सएल ४०१५ चं मॉड्यूल असेल तर उत्तम. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबापाशी मिळतं. व्होल्ट बघून सेल चालवू नका, मिलिअँपिअर बघून चालवा.

१ अँपिअरला मिनिटाला ७.६ मिली हायड्रोजन आणि ३.८ मिली प्राणवायू, खोलीच्या तापमानाला. हायड्रोजनच्या आकड्यात इलेक्ट्रोड कोणता, डबा कोणता याने काही फरक पडत नाही, तो फॅरडेचा नियम आहे. प्राणवायूचा आकडा कांडी झिजत नसेल तरचा. १५० मिलिअँपिअरला ४० मिली हायड्रोजन भरायला ३५ मिनिटं लागतील आणि तेव्हा समोर २० मिली प्राणवायू हवा. पहिली पंधरा मिनिटं जमलेला वायू सोडून द्या, तोवर द्रावण दोन्ही वायूंनी तृप्त होतं. मग शून्यावरून मोजा. हायड्रोजन बरोबर ४० आणि प्राणवायू बारा-पंधरा असं दिसलं तर डबा ठीक आहे, कांडी झिजतेय. हायड्रोजनच कमी असेल तर मात्र गळती शोधा: थ्री-वे, किंवा वर सांगितलेली उघडी राहिलेली कांडी.

सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा काटा स्वस्तात मिळतो. सगळाच्या सगळा करंट कार्बन जाळण्यात गेला तरी एका अँपिअर-तासाला ०.११ ग्रॅमच कार्बन जळू शकतो. कांडी धुऊन, पूर्ण वाळवून वजन केलं आणि घट त्याहून जास्त निघाली, तर कण सुटून पडताहेत. द्रावण काळं दिसतं ते त्यांच्यामुळेच. भोकांमध्ये तयार होणारा वायू कडेचे कण ढकलून पाडतो. करंट जास्त, द्रावण ४० अंशांच्या वर, किंवा मेण गेलेलं, या तिन्हींपैकी एक कारण असतं. काळं पाणी कापसातून गाळून पुन्हा वापरता येतं. पण कॉस्टिकचं हळूहळू कार्बोनेट होत असतं, त्यामुळे त्याच करंटला व्होल्टेज चढत जातं. चार-पाच वापरांनंतर द्रावण बदललेलं बरं.

मायनसची कांडी मात्र तशीच्या तशी राहते. तिथे जळायला काही कारणच नाही. म्हणून ‘झीज सारखी व्हावी’ म्हणून प्लस-मायनस अदलाबदल करण्यात अर्थ नाही: दोन्ही कांड्या खराब होतील आणि नळ्यांमध्ये वायू मिसळतील.

आणि वायू मिसळणं हीच यातली खरी धोक्याची गोष्ट. हवेत हायड्रोजन ४ ते ७५ टक्के असला की पेटतो, शुद्ध प्राणवायूत ४ ते ९४ टक्के. ठिणगी ०.०२ मिलिज्यूलची पुरते, नायलॉनचा शर्ट काढताना याहून मोठी उडते. एकाच नळीतून दोन्ही वायू बाहेर काढणारे, बाटलीचं झाकण बंद केलेले सेल बनवू नका. वायू फुग्यात, बाटलीत साठवू नका. ५० मिलीच्या वर जमवायची गरजच नाही. पेटवून पाहायचा असेल तर २० मिलीच्या सिरिंजने थ्री-वेमधून हायड्रोजन ओढून, साबणाच्या पाण्यात दोन-तीन बुडबुडे सोडायचे, सिरिंज दूर ठेवायची, सेलचा करंट बंद करायचा आणि मग लांब काडीने बुडबुडा पेटवायचा. खिडकी उघडी.

मोटरसायकलला ‘पाण्यावर चालवणाऱ्या’ किटबद्दल एकच हिशेब. १२ व्होल्टवर सहा सेल ओळीत, १० अँपिअर, म्हणजे १२० वॅट. त्यातून मिनिटाला ४५६ मिली हायड्रोजन, जाळला तर सुमारे ८९ वॅट. तासाला एक लिटर पेट्रोल पिणारं इंजिन जवळपास ८,९०० वॅट उष्णता जाळत असतं. एक टक्का मिळतो, आणि त्या १२० वॅटसाठीही पेट्रोलच जळतं.

प्लसला निकेल

ग्रॅफाइटशी तुलना करायला, बॅटरी पॅकला स्पॉट वेल्डिंग करतात ती ८ मिमी रुंद, ०.१५ मिमी जाड निकेलची पट्टी आणा. बाजारात निम्मा माल लोखंडावर निकेलचा मुलामा दिलेला असतो. पट्टीवर खिळ्याने खोल चर मारून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी चरात गंज दिसला तर ती लोखंडी. शुद्ध निकेल निघाली तर डब्याच्या कडेवरून आत उतरवून, बुडाशी वळवून, सिरिंजच्या तोंडातून वर घ्या. शेवटचे ४० मिमी सोडून बाकी सगळीवर हीट श्रिंक. प्लसची ग्रॅफाइटची कांडी जागेवरच राहू दे, तिची वायर फक्त काढून पट्टीला जोडा. निकेल कॉस्टिकमध्येच वापरायचं. आम्लात किंवा मिठाच्या पाण्यात ते विरघळून द्रावण हिरवं करतं. स्टेनलेसचा चमचा प्लसला लावायचा मोह आवरा: द्रावण पिवळं पडू लागलं की क्रोमियम उतरलंय, आणि ते विषारी रूपातलं असतं, मोरीत ओतायचं नाही.

थोड्या वेळात निकेल काळसर होतं, तो त्याचा ऑक्साइडचा थर, काळजी नको. तोच डबा, तेच द्रावण, तेच १५० मिलिअँपिअर. पहिली पंधरा मिनिटं सोडून पुन्हा ३५ मिनिटं मोजा आणि मघाच्या आकड्याशेजारी प्राणवायूचा नवा आकडा लिहा. कांडीने खाल्लेला प्राणवायू म्हणजे या दोन आकड्यांतला फरक.